दिवसा प्राध्यापकी, रात्री गेम, मधे घर: बिनपगारी रजा घ्यावी का?

मुक्कामी_गाडी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

दक्षिण महाराष्ट्रातल्या एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक विभागात सहायक प्राध्यापक आहे. कागदावर आठवड्याला १६ तास शिकवणं. त्या १६ तासांच्या आजूबाजूला काय काय असतं ते इथल्या मास्तर मंडळींना सांगायला नको: प्रॅक्टिकलच्या बॅचेस, टर्मवर्क, मेंटॉर डायऱ्या, नॅकच्या (महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या) फायली, सीओ-पीओ अटेनमेंटचे तक्ते, उन्हाळ्यात ॲडमिशनची ड्युटी आणि वर्षातून दोनदा पेपर तपासणी.

आणि रात्री मी गेम बनवतो. एकटाच. तुम्ही तालुक्याच्या एका एसटी स्टँडवरचे वाहतूक नियंत्रक. फलाट कमी, गाड्या त्याहून कमी, एक ड्रायव्हर सुट्टीवर, त्यात गावची यात्रा. मुक्कामी गाडी पहाटे वेळेत परत आली नाही तर वाडीवरची पोरं शाळेला मुकणार. अशी कोडी सोडवत एकेक दिवस पार पाडायचा. गोडो हे गेम बनवायचं इंजिन (सॉफ्टवेअर) वापरतोय. गोडो ४ पासून जोडाक्षरं तुटत नाहीत, त्यामुळे पाट्या आणि घोषणा सगळं मराठीत ठेवता आलं. इंग्रजी पर्याय आहेच.

प्रश्न असा. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात नेक्स्ट फेस्ट म्हणून एक आठवडाभराचा बाजार भरतो, फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबरमध्ये. अजून बाजारात न आलेल्या गेमचे डेमो तिथे मांडतात. एका गेमला ही संधी एकदाच. मला येत्या जूनचा गाठायचा आहे आणि आत्ताच्या वेगाने तो गाठला जाणार नाही. म्हणून जानेवारीपासून एक सेमिस्टर बिनपगारी रजा घ्यावी असं मनात आहे. घराचा हप्ता चालू आहे. बायको परिचारिका, तिच्या शिफ्टा. मुलगी तिसरीत.

बायको म्हणाली, "घे रजा. पण मग घरात असशील का, तेवढं आधी सांग."

शिकवण्याची नोकरी सांभाळून असं काही तडीस नेलेले कोणी आहे का इथे? रजा घ्यावी की असंच रेटत राहावं?

वरणफळ

आधी डेमोची लिंक टाका. सल्ले नंतर.

आष्ट्याचा_अण्णा

गेम म्हणजे ते रमीचं वगैरे नाही ना? म्हणजे विचारून ठेवलेलं बरं.

मुक्कामी_गाडी

@अण्णा, नाही हो. पैसे लावायचे ऑनलाइन खेळ २०२५ च्या कायद्याने बंदच झालेत. माझ्या गेममध्ये पैसे फक्त तिकिटाचे, तेही अर्धं तिकीट की पूर्ण यावरून भांडण होतं तेवढ्यापुरते. सासऱ्यांना मात्र अजून पटलेलं नाही. त्यांनी परवा बातमी वाचून फोन केला, "जावईबापू, तुमचं ते सुटलं ना त्यातून?"

@वरणफळ, डेमो अजून दाखवण्यासारखा नाही. तिसऱ्या दिवशी गाड्या एकमेकींतून आरपार जातात.

वरणफळ

मग वास्तववादी आहे की. आमच्या स्टँडवर ड्रायव्हर तेवढं सोडून बाकी सगळं करतात.

हेमाडपंती

निवृत्त प्राध्यापक आहे, विद्यापीठाच्या समित्यांवर बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा कोरडं पण कामाचं लिहितो.

बिनपगारी रजा म्हणजे फक्त सहा महिन्यांचा पगार नव्हे. वेतनवाढ पुढे सरकते. पुढच्या श्रेणीसाठी जी सेवेची वर्षं मोजतात त्यात हा काळ धरायचा की नाही यावर नंतर वाद होतो, आणि तुमच्या बाजूने लिहिलेला कागद त्यावेळी कोणाकडेही नसतो. खासगी विनाअनुदानित संस्थेत आणखी एक गोष्ट घडते. तुमच्या जागी आलेला माणूस स्वस्तात काम करतो हे संस्थेच्या लक्षात येतं. रजा मंजूर झाली तर लेखी घ्या, आणि त्यात "सेवेत खंड धरला जाणार नाही" हे वाक्य आहे का ते पाहा.

दुसरं म्हणजे परवानगी. सरकारी महाविद्यालयात असता तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू झाले असते. त्यात अधूनमधून केलेल्या साहित्यिक, कलात्मक कामाला थोडी मोकळीक आहे, खासगी धंद्याला मात्र पूर्वपरवानगी लागते. तुमची संस्था खासगी, तेव्हा तुमचे नियम तुमच्या नेमणूकपत्रात. बहुतेकांनी ते रुजू होताना सही करण्यापुरतंच पाहिलेलं असतं. "पूर्णवेळ सेवा", "अन्य व्यवसाय" असे शब्द शोधा. गेम विकला जाण्याआधी परवानगी मागणं सोपं असतं. विकला गेल्यावर मागितली की लोकांच्या भुवया आधी वर जातात, सही नंतर होते.

धूमकेतू

हेमाडपंती काका नेहमीप्रमाणे ब्रेक लावायला हजर!

साहेब, एकदाच मिळतं आयुष्य. मॅजिक: द गॅदरिंग हा पत्त्यांचा खेळ करणारा रिचर्ड गारफिल्ड गणिताचा प्राध्यापक होता. सोडली नोकरी. स्टारड्यू व्हॅली हा गेम एरिक बॅरोनने एकट्याने केला, चित्रं, संगीत, कोड सगळं, साडेचार वर्षं घरात बसून. आज बघा. हप्ते काय, भरले जातात. झोकून द्या!

नर्मदेतला_गोटा

@धूमकेतू, दोन्ही उदाहरणं तुमच्या विरोधात जातात हो.

गारफिल्डचा खेळ १९९३ मध्ये आला. तेव्हा तो अमेरिकेतल्या व्हिटमन कॉलेजात शिकवत होता. खेळ हातोहात खपतोय हे दिसल्यावर १९९४ मध्ये त्याने प्राध्यापकी सोडली. आधी खेळ चालला, मग नोकरी सुटली.

बॅरोन एकट्याने गेम केला हे खरं. पण त्या वर्षांत तो एका थिएटरात अर्धवेळ नोकरी करत होता आणि घर मुख्यतः त्याची जोडीदार चालवत होती, तीही स्वतःचं शिक्षण चालू असताना. 'एकट्याने केला' म्हणताना ती बाई कुणाला आठवत नाही.

तिसरं उदाहरण मी देतो. क्यूडब्ल्यूओपी आठवतो? चार कळांनी धावपटूच्या मांड्या-पोटऱ्या हलवायच्या आणि तो पडायचा. तो २००८ साली बेनेट फॉडीने केला. हा माणूस तत्त्वज्ञानाचा अभ्यासक. गेम बनवायला शिकला तो प्रबंध लिहायचा कंटाळा येत होता तेव्हा. पुढे न्यूयॉर्क विद्यापीठात गेम डिझाइन शिकवायचा आणि त्या काळात, २०१७ मध्ये, त्याने गेटिंग ओव्हर इट काढला. यातल्या कुणीही पगारी खुर्चीवरून उठून आधी रजा टाकली आणि मग सुरुवात केली, असं झालेलं नाही.

धूमकेतू

बरं बरं. पण क्यूडब्ल्यूओपीमुळे माझं इंजिनिअरिंगचं एक सेमिस्टर गेलं, त्याची भरपाई त्याच्या विद्यापीठाकडून मिळेल का?

सोनचाफा_७

मीही इंजिनिअरिंग कॉलेजातच शिकवते. गेम नाही, पण कथा लिहिते, म्हणजे रात्रीची पाळी मलाही ठाऊक आहे.

मुक्कामी_गाडी, तुमचा लेख दोनदा वाचला. कॉलेजवर एक परिच्छेद, गेमवर एक, स्टीमवर एक. घर दोन ओळीत. त्यातही मुलगी 'तिसरीत' एवढीच. तिचा अभ्यास कोण घेतं? बायकोची रात्रपाळी असते तेव्हा डबा कोण करतं? 'रात्री मी गेम बनवतो' या वाक्यातली रात्र किती वाजता सुरू होते आणि ती कुणी मोकळी करून दिलेली असते?

भांडायला विचारत नाहीये. पण तुमच्या बायकोने जे विचारलं त्याला उत्तर तुम्ही इथे मागताय आणि आम्ही सगळे वेतनवाढीवर बोलतोय. तिने रजेला नाही म्हटलेलंच नाही. रजा मिळाल्यावर तुम्ही पंधरा तास खोलीत बसणार का, एवढंच विचारलंय. माझ्या ओळखीत एकाने पीएचडीसाठी अशीच रजा घेतली. 'घरीच तर आहेस' म्हणून सगळ्यांनी त्याला कामं सांगितली, 'रजा कामासाठी आहे' म्हणून त्याने एकही केलं नाही. वर्षभर दोन्ही बाजूंचं बरोबर होतं आणि घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं.

रातराणी

सोनचाफा, +१०००. अगदी.

मुक्कामी_गाडी

@सोनचाफा_७, रास्त प्रश्न आहेत, उत्तरं देतो. मुलगी साडेनऊला झोपते. बायकोची रात्रपाळी असेल त्या आठवड्यात डबा, अभ्यास, वेणी सगळं माझ्याकडे. (वेणी अजूनही एका बाजूला जाते, शाळेतल्या बाईंनी वहीत लिहून पाठवलंय.) त्या आठवड्यात गेमचं काम शून्य. ती दिवसपाळीला असेल तेव्हा साडेनऊ ते साडेबारा. त्या तीन तासांत ती आवरून झोपते, म्हणजे आमचं बोलणं व्हायचं ते तेवढ्यात राहून जातं, हेही खरंच. पण मी घरात पाहुणा आहे असं चित्र होत असेल तर ते तसं नाही.

सोनचाफा_७

तसं म्हटलं नाही मी. पण आता निदान हिशोब दिसला. दोन आठवड्यांतला एकच आठवडा तुमच्या हातात असतो. रजेने कॉलेज सुटेल, रात्रपाळीचा आठवडा तसाच राहील.

तासिका_मास्तर

"बिनपगारी रजा घ्यावी का" हे शीर्षक वाचून धाग्यावर आलो. आम्ही तासिका तत्त्वावरचे. आम्हाला दर उन्हाळ्यात न मागता मिळते :)

विनोद सोडा. मी दोन कॉलेजं मिळून तास घेतो आणि मोबाइलसाठी छोटे छोटे गेम करतो. शब्दकोडी, मंकळा, वाघ-बकरी असलं. पैसे म्हणाल तर पेट्रोल सुटतं. अनुभव एवढाच की कामाचा आवाका आपल्या मोकळ्या वेळाएवढा ठेवला तर काम संपतं. माझा सगळ्यात मोठा गेम एका दिवाळीच्या सुट्टीत मावणारा आहे. प्ले स्टोअरवर टाकताना वैयक्तिक नवीन खात्याला आधी निदान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. पूर्वी २० जण लागायचे. त्या बारांत माझी आई, मावशी आणि कॉलेजचा शिपाई होते. शिपायाने सर्वात चांगल्या चुका काढल्या.

आणि हो, स्टँडचा गेम ऐकून मस्त वाटलं. स्टीमच्या परताव्याचा नियम लक्षात ठेवा मात्र. १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलेला गेम लोक परत करू शकतात. तुमचा गेम दीड तासात संपणारा असेल तर लोक पूर्ण खेळून पैसे परत घेतील.

खडू_डस्टर

एक सोपा उपाय कुणीच सांगितला नाही. अंतिम वर्षाचे प्रोजेक्ट ग्रुप असतात ना तुमच्याकडे? एकाला गाड्यांचं वेळापत्रक, एकाला ध्वनी, एकाला मेनू. पोरांना 'खऱ्या' प्रकल्पावर काम मिळतं, तुमचं काम हलकं होतं. आमच्या इथे रिसर्चसाठी सर्रास चालतं.

नर्मदेतला_गोटा

सर्रास चालतं म्हणून योग्य ठरत नाही. त्या पोरांचे गुण याच माणसाच्या हातात आहेत. ती 'नाही सर' कशी म्हणणार? गेम विकला गेला तर वाटा किती, नाव कुठे?

खडू_डस्टर

श्रेयनामावलीत नाव देता येईल की. शिकायला मिळतं ते वेगळंच.

तासिका_मास्तर

नावाने खानावळीचं बिल भरत नाही, खडूसर.

बॅकबेंचर_बॅच१९

एसटी स्टँड, गोडो, दक्षिण महाराष्ट्र, एका बाजूला जाणारी वेणी. सर, तुम्हीच ना? डेटा स्ट्रक्चर्स शिकवताना क्यू समजवायला तिकीटखिडकीची रांग काढायचात फळ्यावर, आणि मधे घुसणारा एक काका.

मुक्कामी_गाडी

गप्प बस. बॅकलॉग निघाला का?

बॅकबेंचर_बॅच१९

निघाला सर :D सध्या पुण्यात एका गेम स्टुडिओत आहे. मनापासून सांगतो, प्रोजेक्टच्या पोरांना यात ओढू नका. आम्ही शेवटच्या वर्षाला असताना एका सरांच्या कामासाठी असंच वापरलं गेलं होतं, आणि त्यातून शिकलो म्हणाल तर फाइलींना नावं द्यायला. त्यापेक्षा गेम जॅम भरवा, म्हणजे ठरलेल्या थोड्या वेळात गेम बनवायचा मेळावा. जानेवारीच्या शेवटी ग्लोबल गेम जॅम असतो, २००९ पासून दरवर्षी. एक शनिवार-रविवार लॅब उघडी ठेवा. पोरं स्वतःचे गेम करतील, तुम्ही स्वतःचा एखादा तुकडा करा, सगळं इच.आयओ या गेमच्या साइटवर टाका. एनईपीनंतर (नव्या शिक्षण धोरणानंतर) कॉलेजांना बहुविद्याशाखीय ऐच्छिक विषय हवेच असतात, 'गेम डिझाइन' असा एक मागून घ्या. मग तुमचं रात्रीचं वाचन आणि सकाळचं लेक्चर एकच होईल. नाहीतरी तुम्ही क्लाउड कॉम्प्युटिंग शिकवताना तुमच्याच चेहऱ्यावर ढग असायचे.

इंडस्ट्रीत असल्याने एक सांगतो. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स स्टुडिओचा 'राजी' हा गेम २०२० मध्ये आला, नंतर आम्ही हॉस्टेलवर रात्रभर खेळलो होतो. त्यांना क्राउडफंडिंगमध्ये यश आलं नव्हतं, तरी काढला त्यांनी. आणि ती पूर्णवेळ टीम होती. एकट्याने त्या तोलाचं काही करायला जाऊ नका. तुमचा स्टँड छोटा आहे हेच त्याचं बळ आहे.

थेम्सकाठचा_बंड्या

इंग्लंडात विद्यापीठात शिकवतो, त्यामुळे पलीकडचं चित्र सांगतो. इथल्या नव्या विद्यापीठांच्या राष्ट्रीय करारात वर्षाला जास्तीत जास्त ५५० तास प्रत्यक्ष शिकवणं असं लिहिलेलं आहे. ऐकायला छान. उरलेला वेळ 'वर्कलोड मॉडेल' नावाच्या एक्सेलमध्ये जातो, जिथे एका प्रबंधाला वाचायला दिलेला वेळ पाहून वाटतं की हे लोक प्रबंधाचं वजन करतात, वाचत नाहीत.

पण इथून उचलण्यासारखी एक गोष्ट आहे. बाहेरचं काम आधी जाहीर करायचं, आणि बौद्धिक संपदेचं कलम वाचायचं. नोकरीत असताना, नोकरीच्या साधनांनी केलेल्या सॉफ्टवेअरवर संस्था हक्क सांगू शकते. म्हणून मी माझ्या गेमच्या कामासाठी वेगळा लॅपटॉप वापरतो, विद्यापीठाच्या मेलवरून गेमबद्दल एक ओळही नाही, परवान्याचं सॉफ्टवेअर विद्यापीठाचं नाही. मुक्कामी_गाडी, तुमच्या कॉलेजच्या लॅबमधल्या संगणकावर गेमची एखादी प्रत असेल तर आजच काढा.

गेम जॅम लॅबमध्ये भरवायचा असेल तर हाच मुद्दा तिथेही येतो. स्वतःचा तुकडा तिथे करू नका, पोरांना करू द्या.

रातराणी

अवांतर: पहिली एसटी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली. गेममध्ये १ जूनला काहीतरी खास ठेवा ना! माझे आजोबा कंडक्टर होते. तिकिटाच्या पेटीचा तो टिक-टिक पंच घरी खेळायला आणायचे.

आष्ट्याचा_अण्णा

अवांतराला अवांतर: स्टँडवर उसाचा रस, वडापाव आणि 'सुट्टे पैसे द्या' हे तिन्ही हवंच. आणि "गाडी क्रमांक..." अशी घोषणा सुरू झाली की नेमकं भोंग्यात घरघर आणि गावाचं नाव ऐकूच न येणं.

मुक्कामी_गाडी

@अण्णा, ते आहे! घोषणा अर्धवट ऐकू येते आणि उरलेलं नाव खेळणाऱ्याने गर्दी कुठल्या फलाटाकडे पळतेय यावरून ओळखायचं. तिसरं कोडं हेच आहे.

@रातराणी, १ जूनची कल्पना चोरली. आजोबांच्या पंचचा आवाज मिळाला तर रेकॉर्ड करून द्याल का?

हेमाडपंती

चोरीवरून आठवलं. महामंडळाचं बोधचिन्ह, नाव, गाडीवरची नेमकी रंगसंगती परवानगीशिवाय वापरू नका. काल्पनिक तालुका, काल्पनिक परिवहन. वाचणाऱ्याला कळायचं ते कळतंच.

जमाखर्च

सनदी लेखापाल आहे. पैशांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून.

स्टीमला गेममागे १०० डॉलर प्रवेश शुल्क. गेमने हजार डॉलरची विक्री ओलांडली की ते परत. विक्रीतले साधारण ३० टक्के स्टीमचे. सुरुवातीला कराची प्रश्नावली भरावी लागते, तिथे पॅन टाकून भारत-अमेरिका कराराचा लाभ मागा. तो न मागितल्यास अमेरिकेतल्या विक्रीवर ३० टक्के कापतात, मागितल्यास १५. कापलेल्या कराचं श्रेय इथल्या विवरणपत्रात घेता येतं, पण त्याचा वेगळा फॉर्म वेळेत भरावा लागतो. आणि तुमचं आयटीआर-१ संपलं. पगारासोबत व्यवसायाचं उत्पन्न आलं की आयटीआर-३ हे विवरणपत्र.

शुल्क भरल्यापासून पहिला गेम बाजारात आणेपर्यंत ३० दिवस थांबावं लागतं, आणि 'लवकरच येत आहे' असं पान निदान दोन आठवडे आधी लावावं लागतं. ही मुदत दिवाळीच्या आदल्या रात्री कळवू नका. आमच्याकडे तीच माणसं येतात.

बिनपगारी रजेबद्दल: सहा महिन्यांचे हप्ते, घरखर्च आणि आजारपणाचे वेगळे, एवढे बाजूला असतील तरच विचार करा. गेममधून परत येतील असं धरून एक रुपयाही मोजू नका. २०२४ या एका वर्षात स्टीमवर १८ हजारांहून जास्त गेम आले. त्यातल्या बहुतेकांची नावं तुम्ही ऐकलेली नाहीत, मीही नाही.

धूमकेतू

जमाखर्च साहेब, तुमचा प्रतिसाद वाचून मी माझं स्वप्न आयटीआर-१ मध्येच ठेवायचं ठरवलं.

नर्मदेतला_गोटा

मूळ प्रश्नाकडे येतो, कारण सगळे रजा घ्यावी की न घ्यावी यावर अडकलेत आणि मला वाटतं चूक जून धरण्यात आहे.

नेक्स्ट फेस्टच्या आठवड्यात काम फारसं नसतं. लोक खेळतात, तुम्ही उत्तरं देता. काम असतं त्याच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांत. आता मास्तराचं वर्ष समोर ठेवा. जूनच्या आधी काय? एप्रिलमध्ये सबमिशन आणि ओरल, मग परीक्षा, मग पेपर तपासणी, आणि मेमधल्या सुट्टीचा तुमच्या वाट्याला आलेला एकच स्लॉट. ऑक्टोबरच्या आधी? ऑगस्ट-सप्टेंबर, ऐन भरात चाललेलं सेमिस्टर, गणपती, आणि लगेच दिवाळी. येत्या फेब्रुवारीची वेळ तर टळलेलीच आहे. म्हणून तुम्ही जून पाहिलात आणि जूनला वेळ पुरेना म्हणून रजा पाहिलीत.

पण त्याच्या पुढचा फेब्रुवारी धरा. त्याआधी मेचा स्लॉट येतो, गणपतीची सुट्टी, दिवाळी आणि डिसेंबरमध्ये दोन सेमिस्टरांमधली फट. मे महिन्यात डेमोचा सांगाडा, सेमिस्टर चालू असताना फक्त चाचणी आणि दुरुस्ती, डिसेंबरात शेवटचा हात. सेमिस्टरमध्ये नवीन कोडं रचायचंच नाही, कारण रचायला लांब सलग वेळ लागतो आणि तो साडेनऊ ते साडेबारात मिळत नाही. चुका काढायला तुकडे पुरतात. रात्रपाळीच्या आठवड्यात मोबाइलवर डेमो खेळून वहीत टिपणं, एवढंच.

यात पगार राहतो, सेवेत खंड नाही, आणि बायकोच्या प्रश्नाला 'होय, असेन' हे उत्तर देता येतं.

बॅकबेंचर_बॅच१९

पटलं, पण एक धोका सांगतो. पुढच्या फेब्रुवारीचा त्याच्या पुढचा फेब्रुवारी व्हायला वेळ लागत नाही. आमच्या स्टुडिओत तर पगार घेऊनही होतो.

सोनचाफा_७

त्यासाठी माझा उपाय: मी कथा पूर्ण होवो न होवो, दर सुट्टीच्या शेवटी एका मैत्रिणीला जे असेल ते वाचून दाखवते. तारीख तिच्याकडे असते, माझ्याकडे नाही. तुम्ही इथे मेच्या शेवटी जे असेल ते टाका. गाड्या आरपार जात असल्या तरी.

धूमकेतू

मी अजूनही रजेच्या बाजूने आहे हे नोंदवून ठेवतो. वर्षभर तुकड्या-तुकड्यांत काम केलं की गेम तुकड्या-तुकड्यांचाच होतो. सलग तीन महिने डोक्यात एकच गोष्ट असण्याला पर्याय नाही. मी तसं कधी केलेलं नाही, पण मत आहे.

थेम्सकाठचा_बंड्या

धूमकेतूच्या म्हणण्यात तथ्य आहे, अनुभव नसला तरी. सलग वेळ लागतो तो सुरुवातीला, खेळाचा गाभा सापडेपर्यंत. घोषणेचं कोडं ऐकून तरी मला वाटतं की तो यांना सापडलाय. आता उरलेलं काम कष्टाचं आहे, ते तुकड्यांत होतं.

मुक्कामी_गाडी

सगळ्यांचे आभार. काल रात्री नर्मदेतला_गोटा यांचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. तिने भिंतीवरची दिनदर्शिका काढली आणि स्वतःच्या शिफ्टा त्यावर लिहायला घेतल्या. मेमध्ये तिला सलग दिवसपाळी मागता येईल म्हणाली, त्या बदल्यात दिवाळीतली रात्रपाळी घ्यावी लागेल. म्हणजे दिवाळीत फराळ माझ्याकडे. चकलीचा सोऱ्या कुठे असतो हे मी विचारल्यावर तिने रजेचा विषय पुन्हा काढला नाही.

तर रजा नाही. फेब्रुवारी धरतोय, येता नाही, त्याच्या पुढचा. नेमणूकपत्र शोधून वाचलं. 'संस्थेच्या पूर्वलेखी संमतीशिवाय' असं कलम आहे, सोमवारी अर्ज देतोय. ऐच्छिक विषयाबद्दल विभागप्रमुखांना विचारलं, ते म्हणाले "गेम? पालक काय म्हणतील?" मी म्हटलं, नॅकच्या फायलीत एक पान वाढेल. मग विचार करू म्हणाले.

@धूमकेतू, तुमचं म्हणणं मला आतून पटतं, म्हणूनच भीती वाटते. मेच्या शेवटी गाभा डळमळीत वाटला तर हाच प्रश्न घेऊन परत येईन.

हेमाडपंती

अर्जाची पोच घ्या. शिक्क्यासह.

जमाखर्च

आणि शुल्काची पावती जपून ठेवा.

वरणफळ

मे म्हणजे मेच ना? लिंक हवी.

आष्ट्याचा_अण्णा

माझ्या पुतण्याला बारावीनंतर हे गेमचं शिकायचंय. एनआयडी या डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेच्या बंगळूरू केंद्रात डिजिटल गेम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे असं कळलं, पण त्याआधी पदवीला काय घ्यावं? आणि त्याच्या बापाला कसं समजवावं? तो अजून रमीवरच आहे, म्हणजे त्याला वाटतं हे रमीचंच आहे.

बॅकबेंचर_बॅच१९

अण्णा, याला नवीन धागा काढा, मी सविस्तर लिहितो. बापाला समजवायचा भाग सरांकडे देऊ, सासऱ्यांवर सराव चालू आहे त्यांचा.